शेवटचा शेंडा

भाद्रपद लागला की शेवंती लावणाऱ्या प्रत्येकापुढे एकच प्रश्न उभा राहतो: शेंडा आता आणखी एकदा खुडायचा, की हात आवरायचा? जून-जुलैपासून आपण खुडतच आलेलो असतो. रोपाला चार-पाच पानं झाली की वरचं टोक नखाने मोडायचं, बगलेतून फुटवे येऊ द्यायचे, ते बोटभर झाले की त्यांचीही टोकं मोडायची. झाड पसरतं, गच्च होतं, आणि खुडणाऱ्या हाताला त्याची चटक लागते. पण दख्खनच्या पठारावर, म्हणजे पुणे, सातारा, अहिल्यानगर, सोलापूर या पट्ट्यात, ऑगस्ट संपता संपता शेवटचा शेंडा खुडून झालेला असावा. फार तर सप्टेंबरचा पहिला आठवडा. त्यानंतर मोडलेल्या टोकाबरोबर तयार होऊ घातलेली कळीही जाते. नवा फुटवा येतो खरा, पण त्याला पुरेशी उंची गाठायला वेळ उरत नाही. मग फुलं उशिरा येतात, देठ आखूड राहतात आणि एकाच झाडावर काही फांद्या फुललेल्या तर काही मुक्या दिसतात.

शरद ऋतूतली बाग म्हणजे आवराआवर, पानगळ, गवत झाडणं, हे चित्र थंड देशांतल्या पुस्तकांतून आलंय. आपल्याकडे शरद हा बागेचा कामाचा हंगाम आहे. पाऊस ओसरतो, ऊन पुन्हा उभं राहतं, माती अजून ओली असते, आणि हिवाळ्यात जे जे फुलायचं आहे त्याची तयारी याच पाच-सहा आठवड्यांत होते. कालिदासाने ऋतुसंहारात शरदाला नववधू म्हटलंय आणि तिला कास गवताच्या फुलांचं वस्त्र दिलंय. त्या सर्गात सप्तपर्ण आहे, शेफालिका म्हणजे पारिजातक आहे, बंधूक म्हणजे दुपारी आहे, पिकत आलेली साळ आहे. ही यादी नुसत्या सजावटीसाठी केलेली नाही. नदीकाठचा कास सप्टेंबरात पांढरा होतो, सप्तपर्णीचा उग्र वास ऑक्टोबरच्या संध्याकाळी पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर भरून राहतो, पारिजातकाचा सडा पावसाच्या उत्तरार्धापासून पडायला लागतो. कवीने झाडं पाहिली होती. त्याच्या शरदात शेवंती मात्र नाही, आणि आज आपल्या सणावारांत ती इतकी मुरलेली आहे की हे पटकन लक्षातही येत नाही.

शेवंतीचं घर चीन. तिथे ती आधी औषधासाठी आणि मग शोभेसाठी लावली गेली. तिला कवितेत कायमची जागा मिळवून दिली ती ताओ युआनमिंगने. हा चौथ्या-पाचव्या शतकातला कवी. इसवी सन 405 मध्ये त्याने सरकारी नोकरी सोडली आणि गावी जाऊन शेती धरली. त्याची सर्वांत प्रसिद्ध ओळ साधी आहे: पूर्वेच्या कुंपणापाशी शेवंती खुडतो आहे, आणि निवांतपणे दक्षिणेचा डोंगर दिसतो आहे. खुडताना कंबर वाकलेली असते, उभं राहताना नजर वर जाते आणि समोर डोंगर येतो. बागेत काम केलेल्या माणसाला ही हालचाल अंगातून कळते. पुढे 1104 मध्ये लिऊ मेंग नावाच्या गृहस्थाने शेवंतीच्या वाणांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. केवळ शेवंतीला वाहिलेला, आज उपलब्ध असलेला तो सर्वांत जुना ग्रंथ मानतात. आपल्याकडे देवगिरीचे यादव अजून स्वतंत्र राजे झाले नव्हते, तेव्हा तिकडे रंग आणि आकारांनुसार शेवंतीची वर्णनं लिहून ठेवली जात होती.

चीनमध्ये नवव्या महिन्याची नववी तिथी हा शेवंतीचा सण. उंच जागी चढायचं आणि शेवंती घातलेली मद्यं प्यायची अशी रीत. चिनी पंचांग आणि आपलं पंचांग दोन्ही अमावास्येपासून महिना मोजतात, त्यामुळे अधिक महिन्याने फारकत केली नाही तर हा सण नेमका आपल्या आश्विन शुद्ध नवमीला, खंडेनवमीला येतो. 2022 मध्ये दोन्ही 4 ऑक्टोबरला होते, 2023 मध्ये 23 ऑक्टोबरला. आपण शस्त्रं-अवजारं पुजतो आणि त्याच दिवशी तिकडे शेवंती. हा सण जपाननेही घेतला. जपानी कवी बाशोने 1694 साली याच दिवशी नारा गावात लिहिलेलं हायकू आहे: शेवंतीचा गंध, आणि नारामधले जुने जुने बुद्ध. त्यानंतर काही आठवड्यांतच तो गेला. त्या तीन ओळींत फुलाचा रंग येत नाही, फक्त वास येतो, आणि तोही गोड नव्हे, कडवट, औषधी. शेवंतीचं पान चुरडून पाहिलं की बाशोला काय म्हणायचं होतं ते कळतं.

तर ही फुलं सगळी शरदातच का? पाऊस थांबला म्हणून? थंडी लागली म्हणून? याचं उत्तर 1920 मध्ये मिळायला लागलं. अमेरिकेच्या शेती खात्यातल्या गार्नर आणि अॅलर्ड या दोघांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवलं की कित्येक झाडं दिवसाच्या लांबीवर फुलतात. शेवंती ही लहान दिवसांची झाडं म्हणतात त्या गटातली. पुढे कळलं की झाड खरं तर रात्र मोजतं: सलग, अखंड काळोख किती तास मिळाला ते. पुण्याला जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा. सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात दिवस-रात्र बरोबरीला येतात, दिवाळीपर्यंत रात्र दिवसाच्या पुढे गेलेली असते. प्रत्येक वाणाचं गणित थोडं वेगळं, म्हणून कोणी दसऱ्याला फुलतं, कोणी मार्गशीर्षात.

या सगळ्यात शेवंतीच्या वाट्याला आलेला प्रयोग फार सुंदर आहे, आणि तोही खुडण्याचाच. मिखाईल चैलाख्यान हा सोव्हिएत रशियातला वनस्पतिशास्त्रज्ञ. 1930 च्या दशकात त्याने शेवंतीच्या झाडांची वरच्या भागातली सगळी पानं काढून टाकली आणि खालची ठेवली. मग खालच्या पानांना लहान दिवस आणि वरच्या उघड्या शेंड्याला लांब दिवस दिला. झाड फुललं. उलट केलं, म्हणजे शेंड्याला लहान दिवस आणि पानांना लांब, तर फूल नाही. कळी शेंड्यावर येते, पण रात्र मोजण्याचं काम पान करतं आणि पानातून शेंड्याकडे काहीतरी निरोप जातो. त्या निरोपाला त्याने फ्लोरिजेन असं नाव दिलं. तो निरोप म्हणजे एक प्रथिन आहे हे पक्कं व्हायला 2007 उजाडलं. 2013 मध्ये जपानी संशोधकांनी रानशेवंतीत दुसरी बाजू दाखवली: रात्र मध्येच उजेडाने मोडली की पान ‘फुलू नको’ असा उलटा निरोपही तयार करतं.

सप्टेंबरातल्या आपल्या कामाचा अर्धा भाग या एका प्रयोगातून सरळ निघतो. शेंड्याला आता हात लावायचा नाही आणि पानं जपायची.

पानांचा पहिला शत्रू ठिपके. भाद्रपदातल्या सरींनी कुंडीतली माती उडून खालच्या पानांवर बसते, पानं ओली राहतात आणि तपकिरी-काळे गोल डाग पडतात. डाग वाढून एकमेकांत मिसळतात, पान करपून देठाला लोंबत राहतं, आणि रोग एकेक पान वर चढतो. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची आजारी पानं कात्रीने काढून कचऱ्यात टाकावी, कंपोस्टात नाही. मातीवर वाळलेल्या पाल्याचं किंवा नारळाच्या सोडणाचं आच्छादन घातलं की माती उडणं थांबतं. पाणी सकाळी आणि बुडाशी, झारीचं तोंड काढून. संध्याकाळी वरून आंघोळ घातलेली शेवंती रात्रभर ओली राहते, आणि बुरशीला तेच हवं असतं. तरीही डाग चढतच राहिले तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ते अडीच ग्रॅम, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून, दोन्ही बाजूंनी फवारावं.

दुसरा शत्रू मावा. शेवंतीवरचा मावा गडद तपकिरी, जवळजवळ काळा असतो, आणि कोवळ्या टोकाला देठासकट मढवून टाकतो. टोक वाकडं होतं, कळी वेडीवाकडी निघते. मुंग्या खोडावरून वर-खाली करताना दिसल्या की मावा आहेच असं समजावं, कारण त्या त्याचा गोड चिकटा खायला येतात. सुरुवातीला पाण्याची जोरदार धार पुरते. नाही पुरली तर लिटरभर कोमट पाण्यात आधी एक-दोन मिली पातळ साबण, मग पाच मिली कडुनिंबाचं तेल नीट घुसळून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारायचं. भर उन्हात फवारलं तर तेलाने पान भाजतं. हा फवारा दर सात-आठ दिवसांनी, कळीला रंग दिसेपर्यंतच. ऑक्टोबरची उष्णता वाढली की पानांच्या मागे लाल कोळी येतो, पान वरून राखट, ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. कोरड्या हवेत तो झपाट्याने वाढतो, म्हणून पानाची मागची बाजू रोज पाहावी.

मुळांचं दुखणं पानावर उशिरा दिसतं. कुंडीतली माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकतं आणि संध्याकाळी सावरत नाही, तेव्हा मुळं कुजायला लागलेली असतात. आणखी पाणी घालणं हा अशा वेळी सर्वांत वाईट उपाय. कुंडीचं भोक खालून काडी घालून मोकळं करावं, कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी, आणि वरची इंचभर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नये. मुळात भरताना दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू, वर मूठभर निंबोळी पेंड, असं मिश्रण असेल तर ही वेळ क्वचित येते. आठ ते दहा इंची मातीची कुंडी एका झाडाला भरपूर. प्लास्टिकच्या कुंडीत माती उशिरा वाळते, तेवढं पाणी कमी.

खताचंही तसंच आहे. ऑगस्टपर्यंत झाडाला पालेदार वाढवलं, आता नत्राचा हात आखडता घ्यायचा. शंभर ग्रॅम शेंगदाण्याची पेंड लिटरभर पाण्यात चार-पाच दिवस कुजवायची, गाळून दहापट पाणी घालायचं, आणि दर पंधरवड्याला कुंडीमागे पेलाभर, आधी माती ओली करून. सप्टेंबरच्या मध्यापासून यासोबत पालाशाची जोड द्यावी: सल्फेट ऑफ पोटॅश लिटरला दोन ग्रॅम, तेही मातीतून. कळीला रंग चढायला लागला की सगळी खतं बंद. रंग दिसल्यावर दिलेल्या नत्राने पाकळ्या ठिसूळ होतात आणि फूल लवकर तपकिरी पडतं.

आता कळ्यांचं खुडणं. इथे फूल कसलं हवं ते आधी ठरवावं लागतं. हाराची, वेणीची लहान शेवंती असेल तर प्रत्येक फांदीच्या टोकाची मधली कळी काढून टाकावी. ती बाकीच्यांपेक्षा आधी उघडते आणि आधीच वाळते. ती गेली की भोवतालच्या कळ्या एकत्र फुलतात आणि झाड भरलेलं दिसतं. प्रदर्शनी, वाटीएवढं फूल हवं असेल तर नेमकं उलट: मधली एक ठेवायची आणि बाजूच्या सगळ्या काढायच्या, त्या ज्वारीच्या दाण्याहून मोठ्या पण वाटाण्याहून लहान असतानाच. त्याहून लहान असताना हात घातला तर देठाची साल निघते आणि राखलेली कळीही दुखावते. त्याहून मोठ्या झाल्यावर काढल्या तर झाडाने त्यांत घातलेला जीव वाया जातो. सकाळी, झाड पाण्याने टवटवीत असताना, कळी एका बाजूला कलती करून अंगठ्याने ढकलली की टचकन निघते.

कधीकधी पावसाळ्यातच टोकाशी एक कळी बसलेली दिसते आणि तिच्याभोवती नेहमीच्या कातरलेल्या पानांऐवजी अरुंद, पट्टीसारखी पानं असतात. ती वाढत नाही, महिनाभर तशीच राहते. रात्र अजून पुरेशी लांब नसताना झाडाने घाई केलेली असते. हिची वाट पाहू नये. पट्टीच्या पानांसकट खालच्या खऱ्या पानापर्यंत खुडावी, तिथून निघणारे फुटवे वेळेवर फुलतात. शेवटच्या शेंड्याच्या नियमाला हा एवढाच अपवाद.

आणि ज्यांची शेवंती सगळं करूनही फुलत नाही, त्यांनी रात्री दहा वाजता कुंडीपाशी जाऊन उभं राहावं. रस्त्याचा दिवा, जिन्यातला बल्ब, शेजारच्या पार्किंगचा एलईडी पानांवर पडतो का ते पाहावं. त्या उजेडात वर्तमानपत्राचा मथळा वाचता आला तर झाडासाठी ती रात्र मोडलेलीच आहे. याच गुणाचा उपयोग पॉलिहाऊसवाले करतात: मध्यरात्री दिवे लावून कळी थांबवतात, देठ हवा तेवढा लांब होऊ देतात, मग दिवे बंद करतात. घरच्या बाल्कनीत उपाय सोपा आहे. कुंडी दिव्याच्या आडोशाला, भिंतीच्या सावलीत हलवायची, पण दिवसा पाच-सहा तास ऊन मिळालं पाहिजे. काळ्या कापडाने झाकण्याचा मोह होतो, तो आपल्या हवेत जपून करावा. संध्याकाळी ऊन असताना झाकलं तर कापडाखाली उष्णता कोंडते, आणि रात्रीच्या उष्णतेने कळी अडते. किनारपट्टीवर शेवंती उशिरा आणि विरळ फुलते, घाटावर भरभरून फुलते, यामागे रात्रीच्या गारव्याचा मोठा हात आहे. मुंबई-रत्नागिरीकडच्यांनी मोठ्या फुलांच्या वाणांपेक्षा लहान फुलांचे वाण धरावेत.

एक फूल ब्लेडने उभं चिरून पाहण्यासारखं आहे. आपण ज्याला शेवंतीचं फूल म्हणतो ती शेकडो फुलांची वसाहत असते. बाहेरची एकेक पाकळी हे स्वतंत्र फूल, तळाशी बारीक नळी आणि वर लांबलेली जीभ, आत फक्त स्त्रीकेसर. मध्यभागी पिवळ्या ठिपक्यांसारखी दिसणारी नळीची फुलं, त्यांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही. चिनी, जपानी आणि नंतर युरोपी माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत मधल्या नळ्यांच्याही जिभा करून टाकल्या, म्हणून भरगच्च शेवंतीत मधला पिवळा डोळा दिसत नाही. उष्णतेत उमललेल्या फुलात तो डोळा पुन्हा उघडा पडतो.

युरोपात ती सतराव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडला पोचली होती, पण टिकली नाही. 1789 मध्ये ब्लांकार नावाच्या व्यापाऱ्याने चीनहून आणलेली रोपं फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरली, त्यांतली जांभळी तगली आणि तिथून लंडनला गेली. 1796 मध्ये तिचं रंगीत चित्र लंडनच्या बोटॅनिकल मॅगझिनात छापून आलं. 1846 मध्ये रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनच्या झौशान बेटावरून लहान फुलांची शेवंती नेली आणि फ्रेंच माळ्यांनी तिच्यापासून गोंड्यासारखे पॉम्पॉन वाण काढले. चीनमधून चहाची रोपं हिमालयात आणणारा फॉर्च्यून तो हाच. नावाचाही बराच काळ घोळ होता. विसाव्या शतकात तज्ज्ञांनी शेवंतीला तिच्या प्रजातीतून काढून डेंड्रँथेमा हे अवघड नाव दिलं, बागवाल्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही, आणि शतक संपता संपता क्रिसँथेमम हे नाव अधिकृतपणे तिला परत मिळालं. आपल्याकडे बियांपासून येणारी जी बिजली शेवंती आहे, तिची रवानगी मात्र दुसऱ्या प्रजातीत झाली. बागेतही ती वेगळीच आहे: तिला काश्या, म्हणजे बुडातून येणारे नवे कोंब, फुटत नाहीत, दरवर्षी बी पेरावं लागतं, आणि पेरणीचा काळही हाच, सप्टेंबर-ऑक्टोबर.

लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेंडा न खुडता आणि काठी न देता आपोआप घुमटासारखे भरणारे कुंडीचे वाण तयार केले आहेत. ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी ते उत्तमच. पण झिपरी, राजा, रेवडी हे आपल्याकडचे जुने वाण लावणाऱ्यांना खुडण्यातून आणि बांधण्यातून सुटका नाही. बांधणी सप्टेंबरातच करावी, फांद्या भाराने वाकण्याआधी. बांबूच्या दोन-तीन कामट्या कुंडीच्या कडेला, आणि सुतळीचा फास इंग्रजी आठच्या आकड्यात, म्हणजे देठ कामटीवर घासत नाही.

संत सावता माळी अरणच्या मळ्यात कांदा-मुळा-भाजी पिकवत होते आणि ‘अवघी विठाबाई माझी’ म्हणत होते. त्यांच्या अभंगात मोट, नाडा, विहीर, दोरी ही अवजारं नावानिशी येतात. ज्ञानदेवांच्या मोगऱ्यात ‘फुलें वेंचितां बहरु कळियांसी आला’ अशी ओळ आहे. तिचा अध्यात्मातला अर्थ कीर्तनकार सांगतातच, पण माळ्याच्या कानाला ती आधी अगदी खरी निगराणी वाटते. फूल झाडावर वाळू दिलं की झाडाचा जीव बी धरण्याकडे वळतो, वेचलं की कळ्यांकडे. लहान फुलांच्या शेवंतीलाही हेच लागू. आश्विनापासून पौषापर्यंत दर दोन दिवसांनी उमललेली फुलं देठासकट वेचत राहिलं तर मागच्या कळ्या पुढे येतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला घरचीच फुलं हवी असतील तर दिवाळीतली फुलं झाडावर वाळू देऊ नयेत.

फुलं संपली की जानेवारीच्या अखेरीस झाड जमिनीपासून वीतभर ठेवून छाटावं. बुडातून काश्या फुटतील, त्यांवरूनच पुढच्या जूनची रोपं होणार आहेत, म्हणून उन्हाळ्यात ही जुनी कुंडी सावलीत ठेवून ओलसर राखावी. छाटण्याआधी, फूल झाडावर असतानाच, वाणाचं नाव आणि रंग पाटीवर लिहून कुंडीत खोचून ठेवावा. नुसत्या पानावरून पुढच्या पावसाळ्यात राजा कोणती आणि झिपरी कोणती, हे सांगता येत नाही.